अर्धी कॅन पाणी

मित्रांनो, नागपुरात नंदनवनच्या एका गल्लीत, दुमजली घराच्या भिंतीला लागून एक जीप उभी आहे. तिचे बोनेट उघडे आहे. इंजिनाचे निम्मे भाग काढून शेजारी गोणपाटावर मांडले आहेत. जाणारे-येणारे थांबून बघतात, मान हलवतात आणि पुढे जातात. ती जीप म्हणजे मी. मी म्हातारी झाले आहे. पुन्हा सुरू होईन की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून आहे तोवर सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अंगावर जाड पत्रा, डोक्यावर कापडी छप्पर, पोटात डिझेलचे इंजिन. दिसायला मी कधीच सुंदर नव्हते. पण माझ्यात एक गुण होता. साध्या गाडीची दोनच चाके गाडीला ओढतात, उरलेली दोन नुसती फिरतात. माझ्या गिअरशेजारी मात्र एक आखूड दांडा आहे. तो ओढला की माझी चारही चाके जोर लावतात. मग चिखल असो, नाला असो, दगडांची चढण असो, मी हळूहळू पण नक्की वर येते.

सुरुवातीची वर्षे मी एका सरकारी खात्यात रानावनात हिंडले. नंतर माझा लिलाव झाला आणि नत्थूजींनी मला घरी आणले.

नत्थूजी कोष्टी समाजातले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालले. त्यांच्या काळात घरचे माग थांबले, पण उमरेडच्या आसपासच्या खेड्यांत अजून विणकर होते. नत्थूजी त्यांना सूत पोचवत आणि विणून झालेली लुगडी नागपुरातल्या महाल भागातल्या दुकानांत आणून देत. त्या खेड्यांना धड रस्ते नव्हते. मोटरसायकलवर सुताचे गठ्ठे मावत नव्हते. म्हणून मी.

मला दारात पाहून त्यांची बायको गोदूबाई कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "बैल आणला असता तं शेण तरी भेटलं असतं. हे काय देईन?"

मित्रांनो, पुढे तीच माझी डॉक्टर झाली. ते कसे, सांगते. एकदा उमरेडच्या पलीकडे एका माळावर मी बंद पडले. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. नत्थूजींना गाडी चालवता येत होती, पण तिच्या पोटात काय आहे ते त्यांना कळत नव्हते. ते मिस्त्री शोधायला पायी गेले. मिस्त्री आला, त्याने एक बारीक स्क्रू सैल केला, हातपंप दाबत राहिला, फेस निघाला, मग स्वच्छ डिझेल आले, मग स्क्रू कसला. मी सुरू झाले. गोदूबाई शेजारी उभी राहून सगळे बघत होती. पुढच्या वेळी तिने कोणालाच बोलावले नाही. तुटलेला रेशमी धागा नुसत्या बोटांनी जोडणारी ती बाई. तिच्या हाताला स्क्रू, वॉशर, नळ्या काय जड जाणार?

दर रविवारी सकाळी ती माझे बोनेट उघडायची. पाणी बघायची, ऑइलची काडी पुसून बघायची, फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबायची. मग रेडिएटरच्या दोन्ही रबरी नळ्या चिमटून बघायची. तिची मुलगी धनश्री लहान होती, ती बंपरवर बसून विचारायची, "आई, काहून चिमटतेस वं तिले?"

"नळी मऊ लागली पाह्यजे. लय टणक झाली, नाही तं फुगली, का समजायचं का तिचे दिवस भरले. ते फुटली का पाणी गेलं, अन् पाणी गेलं का इंजिन गेलं."

ते माझे चांगले दिवस होते. एका पावसाळ्यात आमच्या नंदनवनात पाणी शिरले तेव्हा मी शेजारच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढले. तेव्हा साऱ्या गल्लीने माझ्यापुढे नारळ फोडला. नत्थूजी कौतुकाने माझ्या बोनेटवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "माह्या घरची थोरली लेक हाय ही."

मग विणकर एकेक करून कमी झाले. कोणी गवंडीकामावर गेले, कोणी कंपनीत लागले, कोणी शहरात आले. ज्या वस्तीत आम्ही सर्वांत जास्त जायचो, उमरेड रोडवरच्या एका फाट्यापासून आत, नाल्यापलीकडे, ती वस्तीच उठून गेली. नत्थूजींचे काम संपले, सुताची पिशवी घरात खुंटीला टांगली गेली. त्यांची नजर मंदावली. गोदूबाईचे गुडघे गेले. मुलगा सुशील याने मोटरसायकल घेतली, धनश्रीने सदर भागातल्या ऑफिसात जायला स्कुटी घेतली. माझ्यावर ताडपत्री आली.

सुरुवातीला महिन्यातून एकदा मला सुरू करत. मग सणासुदीला. मग तेही नाही. माझी बॅटरी मेली. टायर बसले. उंदरांनी सीटमध्ये घर केले. एकदा गोदूबाई ताडपत्री वर करून, कमरेवर हात ठेवून, कशीबशी वाकली आणि तिने माझी खालची नळी चिमटली. सुशीलला हाक मारून म्हणाली, "फुगली रे हे. बदलून टाक."

"चालवणार कोण हाय आई? दिवाळीच्या आधी भंगारात देऊन टाकू."

दिवाळी आली आणि गेली. भंगारवाला आला नाही, आणि नळीही तशीच राहिली.

त्याच दिवसांत नत्थूजीही बदलत होते. ते दुपारी हळूच येत, ताडपत्रीखाली शिरत आणि माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसत. "सूत पोचवा लागते," असे पुटपुटत. कधी सुशीलला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारत. घरचे म्हणत, वय झाले. माझ्याबद्दलही घरचे तेच म्हणत.

मित्रांनो, आता त्या दिवसाचे सांगते.

नवतपा लागला होता. आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस जे भाजून काढणारे दिवस येतात, त्यांना नवतपा म्हणतात. कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. त्या सकाळी घरातून आधी गोदूबाईची हाक आली, मग धावपळीचे आवाज आले. नत्थूजी घरात नव्हते.

गल्ली शोधून झाली. देऊळ झाले, बाग झाली. पोलीस ठाण्यात फोटो देऊन झाला. सुशील मोटरसायकल घेऊन महालात गेला. वडील जुन्या ओळखीने एखाद्या लुगड्यांच्या दुकानात बसले असतील, असे त्याला वाटले. ऊन चढत गेले. धनश्री माझ्याजवळच उभी राहून सगळ्यांना फोन करत होती. तेवढ्यात गोदूबाई आतून आली.

"सुताची पिशवी नाही खुंटीले," ती म्हणाली. "ते वस्तीवर गेले."

"आई, तिथं आता कोणीच राहत नाही. काहून जातीन ते तिकडं?"

"कोण राहते अन् कोण नाही राहत, हे त्यायले कुठं ठाव हाय आता?"

धनश्रीने भाड्याच्या गाड्यांना फोन लावले. फाट्यापर्यंत येतो, आत येणार नाही, असेच सगळे म्हणाले. आत दगडांचा गाडरस्ता होता, टेकाड होते, नाला होता. स्कुटी तिथे चालणार नव्हती. मग धनश्रीने माझी ताडपत्री ओढून फेकली.

बॅटरी तर मेलेली. धनश्री घरात पळाली आणि इन्व्हर्टरची जडशीळ बॅटरी गोणपाटावर ठेवून फरफटत अंगणात घेऊन आली. गोदूबाईने माझ्या बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, पान्याने खरवडली. जाड वायरींनी दोन्ही बॅटऱ्या जोडल्या. धनश्रीने किल्ली फिरवली. मी घरघरले, खोकले आणि थांबले.

"हवा हाय," गोदूबाई म्हणाली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती सरळ जमिनीवर बसली, मग मडगार्डला धरून उठली. तिने स्क्रू सैल केला. हातपंप दाबायला सुरुवात केली. फेस आला, फेस आला, फेसच येत राहिला. तिच्या घामाचे थेंब माझ्या तापलेल्या पत्र्यावर पडून लगेच वाळत होते. शेवटी स्वच्छ डिझेल आले.

मी सुरू झाले. काळा धूर सोडत, थरथरत, पण सुरू झाले.

सुशीलचा फोन आला. धनश्रीने तो मोठ्या आवाजावर ठेवला होता. "ती जीप बाहेर काढू नका. अर्ध्या रस्त्यात बंद पडन. मी येतो, थांबा."

"बंद पडन तं पडन," गोदूबाई फोनकडे बघत ओरडली. "तू तिकडं पाह्य. आम्ही थांबत नाही."

धनश्रीने हातपंपाने चाकांत कशीबशी हवा भरली होती. मागे पाण्याच्या दोन कॅन ठेवल्या. इन्व्हर्टरची बॅटरी अंगणातच राहिली, कारण ती उचलून वर ठेवायची ताकद दोघींत नव्हती. गोदूबाईने मुलीला बजावले, "आता हिले बंद करू नको. बंद केली का बिना धक्क्याची सुरू होत नाही."

उमरेड रोडवर वाऱ्याच्या झळा अंगावर येत होत्या. मला धाप लागत होती. इतक्या महिन्यांनी माझ्या अंगात ऑइल फिरत होते, जागोजाग गंजाचे कण सुटत होते. मी त्या दोघींना काही सांगू शकत नव्हते. माझी खालची नळी भरत चालली होती, फुगत चालली होती. पाचगाव मागे पडले. धनश्री गाडी हाकताना सारखे एकच वाक्य म्हणत होती, "तिथंच असतीन ना, आई? तिथंच असतीन ना?" गोदूबाई पदराने तिच्या कपाळाचा घाम पुसत होती.

फाट्यावर चहाची टपरी होती. टपरी चालवणाऱ्या काजलने फोटो बघितला मात्र, ती उठूनच उभी राहिली. "हे म्हातारबा? सकाळच्या बसनं उतरले. म्या म्हटलं, बाबाजी, एवढ्या उन्हात कुठं जाऊन राहिले? तं म्हणे, लुगडे आणाले."

"पाणी पेले काय ते?" गोदूबाईने विचारले.

"अर्धा गिलास. मले वाटलं, मागून कोणी येत असन त्यायच्या." काजल रडवेली झाली. "म्या जाऊ द्याले नाही पाह्यजे होतं ना वं, मावशे?"

तिला कोण काय म्हणणार? आम्ही आत वळलो.

त्या वाटेचा एकेक दगड मला माहीत होता. पण वाट आता झुडपांनी खाल्ली होती. धनश्रीने आखूड दांडा ओढला. चारही चाकांनी जोर धरला आणि मी टेकाड चढू लागले. निम्मी चढण झाली असेल. माझ्या पोटात फट्‌ असा आवाज झाला आणि वाफेचा लोट बोनेटमधून वर आला.

नळी फुटली होती.

"बंद कर!" गोदूबाई ओरडली. "वर घे आधी, उतारावर घे, मंग बंद कर!"

धनश्रीने मला तसेच टेकाडाच्या माथ्यावर नेले आणि पलीकडच्या उताराला तोंड करून थांबवले. फक्त माझे पाणी दगडांवर पडून चरचरत होते. धनश्री स्टिअरिंगवर डोके टेकवून रडू लागली. "आता काय करू आई? आता काय करू?"

"रडून पाणी वाया नको घालवू," गोदूबाई म्हणाली. "पान्याची पेटी दे. त्यात सायकलची जुनी ट्यूब असन."

ट्यूब होती. धनश्रीने चाकूने तिच्या लांब पट्ट्या कापल्या. गोदूबाईने पदर हाताला गुंडाळून नळी पुसली. नळी इतकी गरम होती की पदराला वास येऊ लागला. मग तिने रबराची पट्टी ताणून ताणून, एकावर एक वेढे देत, नळीभोवती गुंडाळली. कांडीवर सूत भरावे तशी घट्ट, कुठे फट नाही, कुठे सुरकुती नाही. वरून बारीक तार आवळली. धनश्रीने एक आख्खी कॅन रेडिएटरमध्ये ओतली, मग दुसरीतले निम्मे. गोदूबाईने रेडिएटरचे झाकण पूर्ण कसले नाही. "सैल राहू दे. वाफ वरून निघून जाईन, नळीवर जोर नाही येणार."

धनश्रीने ब्रेक सोडला. मी उतारावर घरंगळले, तिने क्लच सोडला, मी हिसका खाऊन जागी झाले. मागे अर्धी कॅन पाणी हिंदकळत होते.

नाल्याच्या काठावर, एका पळसाखाली नत्थूजी पडले होते.

आधी दिसली ती पिशवी. मग चप्पल, एकच. धनश्री मला चालू ठेवूनच उडी मारून धावली. गोदूबाईला धावता येत नव्हते. ती माझा पत्रा धरून उतरली आणि दगडांवरून अनवाणीच चालत गेली, कारण घाईत चप्पल घरीच राहिली होती. पळसाची सावली केव्हाच सरकून गेली होती. नत्थूजींच्या अंगावर ऊन होते. त्यांचे अंग तव्यासारखे तापले होते आणि त्यावर घामाचा थेंब नव्हता. ओठ फुटले होते. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कोणाला बघत नव्हते.

"बाबा! बाबा, मी धनू!"

त्यांचे ओठ हलले. "सूत... पोचवा लागते ना वं."

दोघींनी त्यांना ओढत माझ्या सावलीत आणले. तोवर माझा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता. बांधलेली नळी धरून होती, पण कडेने थेंब थेंब गळत होता आणि झाकणातून वाफ निघत होती. धनश्रीने हे पाहिले. तिने मोबाइल पाहिला. रेंज नव्हती. तिने मागची कॅन उचलली आणि बोनेट उघडले.

"आण इकडं ते पाणी," गोदूबाई म्हणाली.

"आई, हिच्यात टाकलं नाही तं आपण इथून निघतच नाही. नाही निघालो तं बाबा..."

"अन् त्यायच्या अंगावर टाकलं नाही तं निघून काय करशीन? आण इकडं!"

धनश्री जागच्या जागी उभी होती. एका हातात कॅन, समोर तिचा बाप, मागे मी. मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते तर मी काय म्हटले असते? खरे सांगते, मला तहान लागली होती. मला जळायची भीती वाटत होती. आणि तरी मी म्हटले असते, त्यांना दे.

तिने कॅन आईच्या हातात दिली.

गोदूबाईने लुगड्याचा पदर फाडून भिजवला आणि नत्थूजींच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ठेवला. बोट बुडवून ओठ ओले केले. ते गिळत नव्हते, म्हणून तिने तोंडात पाणी ओतले नाही. उरलेले सगळे तिने त्यांच्या अंगावर ओतले. कॅन उलटी करून झटकली, एक थेंबही ठेवला नाही. मग दोघींनी त्यांना उचलून माझ्या मागच्या बाकावर घातले. गोदूबाई त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागली.

"चालव," ती म्हणाली. "जळली तं जळू दे."

मला थंड व्हायला वेळ देता आला असता, तर मी वाचले असते. पण थांबायला वेळ नव्हता, आणि बंद केले तर तिथल्या सपाटीवरून मला ढकलून सुरू करायला माणसे नव्हती. धनश्रीने बोनेट अर्धवट उघडे ठेवून दोरीने बांधले, म्हणजे तेवढीच हवा लागेल. मी टेकाड चढले. पोटातले पाणी संपत होते आणि लोखंड लोखंडावर घासत होते. तो आवाज धनश्रीलाही ऐकू येत होता. ती दात आवळून म्हणत होती, "थोडंसं अजून. थोडंसं अजून, माय माही."

मागे गोदूबाई एकदाच बोलली. "अहो," ती म्हणाली, "असे नका करू." बाकी ती वारा घालत राहिली.

टेकाडाच्या माथ्यावरून डांबरी रस्ता दिसला. रस्त्यावरून ट्रक जात होते. उतारावर धनश्रीने मला मोकळे सोडले. उतार संपला आणि तिने पुन्हा गिअर टाकला, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी जागच्या जागी जखडले. एक मोठा हिसका बसला. मी थांबले.

रस्ता समोर दिसत होता, मित्रांनो. हाक मारली तर ऐकू जाईल एवढा जवळ. आणि मी थांबले.

धनश्री एक क्षणही बसून राहिली नाही. ती ओरडत रस्त्याकडे धावत सुटली. मग माणसे आली. टपरीची काजल बर्फ आणि पाण्याचा माठ घेऊन आली. रुग्णवाहिका आली. नत्थूजींना माझ्या बाकावरून उचलले, तेव्हा त्यांचा हात लोंबत होता. गोदूबाई रुग्णवाहिकेत चढली. दार लागले. धूळ उडाली. सगळे गेले.

मी तिथेच राहिले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. गंज, उंदीर, ताडपत्रीखालचा अंधार, यांपैकी कशाचेच मला इतके दुःख झाले नव्हते. नत्थूजी आहेत की गेले, हे मला कोणी सांगत नव्हते. माझ्या सावलीत शेळ्या येऊन बसत. कोणीतरी माझा आरसा काढून नेला. वाटसरू माझ्याकडे बघून म्हणत, हीच ती गाडी. पण पुढे काय झाले, ते कोणालाच माहीत नसे. मी मनात तो रस्ता पुन्हा पुन्हा चालत राही. एवढेसे अंतर आणखी गेले असते तर? ती नळी दिवाळीआधी बदलली असती तर?

मग एक दिवस ट्रॅक्टर आला. त्यावरून सुशील उतरला.

नागपूरकर उन्हात बांधतात तसा त्याने डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. फक्त डोळे दिसत होते. ते डोळे लाल होते. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे वडील गेले की मुलगा डोक्याचे केस काढतो. मी त्या दुपट्ट्याकडे बघत राहिले. तो माझ्या पुढच्या आकड्याला दोर बांधत होता. त्याला गाठ मारता येत नव्हती. बांधायचा, ओढून बघायचा, सुटायची. त्याचा फोन वाजला. "हो, पोचलो. हो. बांधून राहिलो." एवढेच तो बोलला. मी वाट बघत होते. उकाड्याने त्याचा जीव कासावीस झाला असावा. शेवटी त्याने दुपट्टा सोडला आणि त्यानेच तोंड पुसले.

त्याच्या डोक्यावर केस होते. घामाने चिकटलेले, विस्कटलेले, काळेभोर केस.

ट्रॅक्टरवाल्याने विचारले, "म्हातारबा कसे हायेत गा?"

"वाचले," सुशील म्हणाला. आणि माझ्या बंपरवर बसून तो ढसाढसा रडू लागला. "उशीर झाला असता तं नसते वाचले, डॉक्टर म्हणे. पण पयल्यासारखे नाही राह्यले. हात थरथरते. बोलणं कळत नाही."

"अन् हिचं काय? भंगारवाल्याकडं न्यायची का?"

सुशीलने मान हलवली. "घरी."

असे मला घरी आणले. मिस्त्री येऊन बघून गेला. इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, वाकले आहे, पिस्टन जखडले आहेत, यात काही जीव नाही, असे म्हणाला. गोदूबाई म्हणाली, उघडून तर पाहू. आता रोज सकाळी उन्हाच्या आधी ती पाटावर बसते आणि सांगते. ज्या सुशीलने कधी पाना हातात धरला नव्हता, तो माझे नट सोडवतो. चुकीचा नट सोडवतो आणि बोलणी खातो. धनश्री ऑफिसला जाण्याआधी सुटे भाग डिझेलमध्ये धुऊन देते. दोन्ही रबरी नळ्या नव्या आणल्या आहेत. इंजिनाचे अजून कोणालाच काही सांगता येत नाही.

नत्थूजींना खुर्चीवर आणून बसवतात. परवा ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला वाटले, आता बोनेटवर थाप मारतील. मग त्यांनी अडखळत विचारले, "हे... कोणाची गाडी व्हय?"

गोदूबाईच्या हातातला पाना थांबला. "आपलीच हाय," ती म्हणाली.

"चांगली हाय," नत्थूजी म्हणाले.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला रडता येत नाही. पण तुम्हाला एवढे सांगते. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, पंप असेल, शिलाई मशीन असेल, तर त्याला झाकून ठेवून विसरू नका. आठवड्यातून एकदा उघडा, पुसा, सुरू करा. पाणी बघा, ऑइल बघा. हे शिकायला फार वेळ लागत नाही. आणि घरातले म्हातारे माणूस तेच तेच बोलू लागले, तर वय झाले म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याला कुठे जायचे आहे ते विचारा, आणि जमले तर त्याच्यासोबत जा. फुटल्यावर बांधायला सगळेच धावून येतात. फुटण्याआधी नुसता हात लावून बघणारे कोणी असेल, तर धावावेच लागत नाही.